आईच्या चित्रातलं ड्रायर

बाबा,

काल भावाने आईचं चित्र माझ्याकडे आणून टाकलं. "हे तडकून राह्यलं. मी फोटोच मोठा करून लावतो," म्हणाला. केसांच्या काळ्या रंगाला भेगा पडल्यात आणि त्यातली एक कपाळावरून डाव्या डोळ्यापर्यंत उतरली आहे. मी आता सावंगीच्या रस्त्यावर चित्रकलेचे वर्ग घेते. असं चित्र का फुटतं ते मला कळतं. तुम्हीच शिकवलं होतं.

बोरगावच्या घरी आई गच्चीवर जवसाचं तेल पसरट भांड्यांत उन्हाला ठेवायची, वर मलमल बांधायची, रोज ढवळायची. ते मधासारखं दाट झालं की त्यात रंग कालवून तुम्ही गावातल्या शेटजींच्या घरच्या तसबिरी रंगवायचात. गिऱ्हाइकाच्या फोटोत हात नसले की आईला खुर्चीत बसवायचात. भात गार व्हायचा, ती हलायची नाही. वर्ध्यातल्या कितीतरी बैठकींत परक्या चेहऱ्यांखाली माझ्या आईचे हात आहेत. एकदा तिने विचारलं, "माह्यं काऊन नाई काढत?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "तेलाचं काम हाय. वाळाले महिने लागते. तुले काय घाई हाय?"

त्याच सुमारास मी माझ्या पहिल्या चित्राच्या रंगात बाटलीतलं ड्रायर ओतलं, तेल लवकर वाळावं म्हणून. तुम्ही बाटली हिसकावलीत. "यानं वरून वाळते, आत ओलंच राह्यते. मंग तडकते. चित्राले वेळ द्या लागते, समजलं?"

मग आई गेली. तेरवीला लोक येणार, भिंत रिकामी दिसेल, म्हणून तुम्ही तिला काढायला बसलात. समोर रेशनकार्डावरचा फोटो. रंगात ड्रायर ओतत होतात, अंदाज न घेता.

"बाबा, तडकन ते."

"तेरवीपुरतं तर राहीन."

लोक हुबेहूब म्हणाले. तुम्ही हात जोडून ऐकून घेतलंत. आईचे हात मात्र काढलेच नव्हते. चित्र छातीशीच संपवलं होतं.

आज सकाळी भेगा बुजवायच्या सोडून मी नवा कॅनव्हास ताणला. म्हटलं, आईला मी काढीन, ड्रायरचा थेंब न घालता, लागू देत महिने. कोळशाने रेघा मारल्या, पुसल्या, पुन्हा मारल्या. दुपार कलली. हनुवटी तुम्ही काढलेली येते, ओठही तुम्ही काढलेलेच. तिचा चेहरा मला आठवत नाही, बाबा. तुमचं चित्र आठवतं. तुम्ही असतात तर हे तुम्हाला कधीच कळू दिलं नसतं.