ताईच्या पाकिटाच्या बारा शब्दांबाबत

मी, वय चोवीस, मुक्काम मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली, पूर्ण शुद्धीत आणि जहाज कंपनीचा कारकून सोडल्यास कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. हे तीन आठवड्यांपूर्वीच लिहायला हवं होतं. मालवाहू जहाजावर चढण्याआधी कंपनीला प्रत्येकाचं मृत्युपत्र लागतं. कारकून रोज फोन करायचा, मी रोज नवी सबब द्यायचो. खरं कारण कलम तीन.

१. सायकल दुकानमालक काकांना. पुढचा ब्रेक लागत नाही. हिच्यावरून मी पाच गावं आणि सात नोकऱ्या बदलल्या. छापखान्यातली त्यातल्या त्यात बरी होती, तिथे एक मांजर कागदाच्या रिमवरच झोपायचं, आणि... ते असो.

२. माझी हत्यारं खोलीतल्या सोबत्याला, ज्याला सगळे टोपी म्हणतात त्याला. खरं तर त्याला काहीच द्यायचं नव्हतं. काका म्हणाले, "रागाच्या भरात लिहू नकोस." म्हणून मूठ तुटलेला स्क्रूड्रायव्हर तेवढा त्याला, बाकी सगळी काकांना.

३. ताईने सहा वर्षं शिवणकाम करून साठवलेले पैसे मी ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे बँकेशिवाय चालणाऱ्या ऑनलाइन चलनाच्या, पाकिटात ठेवायला लावले. त्याची किल्ली म्हणजे बारा शब्द; ते ज्याला कळले, पैसे त्याचे. ते माझ्याकडे. ताईने तेव्हाच विचारलं होतं, "हे नक्की कुणाच्या ताब्यात असतं रे?"

"कुणाच्याच नाही, ताई. तीच तर मजा."

"मग बिघडलं तर बोलायचं कुणाशी?"

"माझ्याशी."

पुढे टोपीने एक साइट दाखवली: तुमची किल्ली चोरीला गेली आहे का, ते तपासून देणारी. "बघ तर खरं, फुकट आहे," म्हणाला. मी बाराही शब्द टाकले. उत्तर आलं, किल्ली सुरक्षित आहे. चार मिनिटांत पाकीट रिकामं. किल्ली चोरीला गेली नव्हती, मीच ती नेऊन दिली. ताईला हे अजून माहीत नाही. मी गेल्यावर तिने इथे वाचावं.

४. जहाजावरचा माझा सगळा पगार आणि काही झालंच तर भरपाई ताईला. भाऊजींनी "मी सांगत होतो" म्हणू नये. सांगत होते, मान्य.

५. गेलेलं परत मिळवून देतो म्हणणारे चार जण मला भेटले. चौघांनाही आधी ते बारा शब्दच हवे होते. ताईने अशांना दारात उभं करू नये.

सही: मी
साक्षीदार: दुकानमालक काका, पलीकडच्या गल्लीतला न्हावी
ठिकाण: दुकानाचा माळा. नऊ मार्च, दुपार.

ता.क. सही करून खाली गेलेले काका लगेच परत वर आलेत. म्हणाले, "तुझी ताई आलीय, बॅग घेऊन. तू निघायच्या आधी भेटायचं म्हणते." मी म्हटलं, मी बाहेर गेलोय म्हणून सांगा. "ते तूच सांग," काका म्हणाले, "ती जिना चढतेय."