तिसऱ्या देशाला मी येत नाही

आई, तुला पत्र लिहायचं म्हणजे येडेपणाच. तू होतीस तेव्हा तुला वाचता येत नव्हतं, आता तर तू नाहीसच. तू गेलीस तेव्हा माझी लेक बोबडं बोलत होती, आता तिची लेक इंग्रजीत उलटं बोलते. तरी लिहायला घेतलं, कारण ज्यांना सांगावं ती सगळी माणसं ह्याच भानगडीत गुंतलेली आहेत. उभ्यानंच लिहितेय, स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद ठेवून. हॉलमध्ये बसून लिहायची सोय राहिली नाही. टीव्हीच्या वर लेकीनं काल कॅमेरा बसवून घेतला. बेसनाच्या लाडवाएवढा पांढरा गोळा आहे, पण मान वळवतो. ती परदेशी गेली की तिकडून तिच्या मोबाइलमध्ये मी दिसणार, आणि हितं तिचा आवाज येणार. आज सगळी मोहोळला गेलीत, जावयाच्या आईबापाचा निरोप घ्यायला. मी सोफ्यावर पाय वर घेऊन डाळ निवडत बसले, तर तो गोळा नातीच्या आवाजात बोलला, "आजी, पंखा लाव की. घाम आलाय तुला." मी उठून त्याच्यावर टॉवेल टाकला. टॉवेलाखालून आवाज आला, "आजी, सगळं काळं दिसतंय." मग परात उचलली आणि आत आले. हितवर त्याची नजर पोचत नाही.

तुला कळेल असं सांगते. माझी लेक आणि जावई दोघं मास्तर. ती विज्ञान शिकवते, तो गणित. आधी हितंच सोलापुरात शिकवायचे. मग कुणीतरी सांगितलं, परदेशात इंटरनॅशनल शाळा असतात, तिथं देशोदेशीच्या साहेबांची पोरं शिकतात आणि मास्तरही देशोदेशीचे घेतात. राहायला घर देतात, आणि मास्तरांची पोरं फुकट शिकवतात. ह्या फुकटातच सगळी मेख आहे बघ. जावई पाहुण्यारावळ्यांना सांगतो, "जी शाळा बाहेरून बघायचीही आमची ऐपत नव्हती, तिथं माझी पोरगी पहिल्या बाकावर बसते." आणि ते खोटं नाही. पण करार दोन-तीन वर्षांचा. तो संपला की दुसरी शाळा, दुसरा देश. नात कडेवर होती तेव्हा मस्कत, नातू पोटात होता तेव्हा व्हिएतनाम. आता तिसरा, कझाकस्तान. तिथं हिवाळ्यात माणसाच्या पापणीवर बर्फ धरतो, असं जावयानंच मोबाइलवर दाखवलं आणि वर म्हणाला, "मामी, घर आतून गरम असतं." म्हटलं, तवाबी गरम असतोय की, म्हणून काय त्याच्यावर बसायचं का.

दोन्ही देशांना त्यांनी मला बरोबर नेलं. पोरं सांभाळायला, असं कुणी म्हणालं नाही. "आई, तू एकटी हितं काय करणार?" असं म्हणाले. व्हिएतनामला शाळेच्या आवारातच बारा मजली इमारत, त्यात मास्तरांची घरं. दाराला कुलूप नाही, कार्ड लावायचं. लिफ्टलाही कार्ड. एक कार्ड लेकीच्या गळ्यात, एक जावयाच्या. मी पाहुणी, मला कार्ड नाही. सकाळी ती तिघं शाळेला गेली की मी आणि मांडीवरचं पोर, आणि काचेपलीकडं आभाळ. एकदा पोर काही केल्या गप्प होईना म्हणून शेजारच्या गोऱ्या बाईच्या मागून लिफ्टमध्ये शिरले आणि खाली उतरले. वर यायला जमेना. राखणदारानं मला स्टूल दिलं. त्याला माझा शब्द कळत नाही, मला त्याचा. शाळा सुटेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडं बघून मान हलवत बसलो. लेक आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, विचारल्याशिवाय खाली का आलीस?" आई, हे वाक्य मी माझ्या सासूच्या तोंडून ऐकलं होतं, नवी नवरी असताना. म्हातारपणी पोटच्या पोरीकडून ऐकायचं राहिलं होतं, तेही झालं.

पासपोर्टावरचा पाहुणीचा शिक्का तीन महिन्यांचा. तो संपत आला की जावई सुट्टीच्या दिवशी मला बसमध्ये घालून सरहद्दीवर नेणार. पलीकडच्या देशात पाय ठेवायचा, टपरीवर नारळपाणी प्यायचं, आणि नवा शिक्का घेऊन फिरून परत. मोहोळच्या बाजारात बैल न्यावा, लोकांनी त्याचे दात बघावेत आणि गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून तसाच घरी आणावा, तशी माझी गत. एकदा तिथल्या साहेबानं मला चष्मा काढायला लावला आणि काहीतरी विचारलं. जावयानंच हसून उत्तर दिलं. बसमध्ये बसल्यावर मी विचारलं, काय म्हणत होता ओ तो? "मामी, तो विचारत होता, तुम्ही हितं काय करता. मी सांगितलं, विश्रांती." घरी पोचलो तेव्हा पोर रडून लाल झालं होतं आणि सकाळची भांडी तशीच पडली होती. विश्रांती. पण त्याच बसमध्ये त्यानं मला संत्रं सोलून दिलं, शिरा काढून, एकेक फोड. माणूस वाईट नाही. तेच तर अवघड आहे. वाईट असता तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

आणि सुनावू कुठल्या तोंडानं? मी लेकीच्या घरी राहते, जावयाच्या ताटात जेवते. तू माझ्या घरचं पाणी कधी प्यायली नाहीस. लेकीच्या घरी पाणी घ्यायचं नाही हे सगळ्याच बायका पाळायच्या, पण नातवंड झालं की सोडून द्यायच्या. तू सोडलं नाहीस. विड्यांच्या कारखान्यातून परस्पर यायचीस, हातात तुझा तांब्या. उंबऱ्यावर बसायचीस, आत नाही. वाटे, सासरच्यांसमोर तुला मला खाली बघायला लावायचंय. एकदा चिडून विचारलं, "माझ्या माठात किडे पडलेत व्हय?" तू तांब्यातलं पाणी वरून घशात ओतलंस, तोंड पुसलंस. "किडे न्हाईत पडले. ज्याचं पाणी प्यालं त्याच्या दारात तोंड बंद हुतंय बाई. मला बोलायचं असतंय."

आणि बोललीसही. माझी लेक तान्ही होती, आमच्या ह्यांचा माग बंद पडला होता, भिवंडीला त्यांच्या चुलतभावानं बोलावलं होतं. तिथं एका खोलीत दोन बिऱ्हाडं राहतात असं ऐकलं आणि माझं काळीज फाटलं. मला नवऱ्याला सांगायची छाती नव्हती. तुझ्यापाशी रडले. तू रविवारी आलीस. ते दाढी करत बसले होते. मला अजून दिसतंय, अर्ध्या गालाला साबण, अर्धा मोकळा, आणि तू उंबऱ्यावरून म्हणतेयस, "जावईबापू, तुमी खुशाल जावा भिवंडीला. माझी लेक न्हाय येणार." ते गेले नाहीत. आणि मरेपर्यंत विसरले नाहीत. भाजीत मीठ कमी पडलं, पावसानं भिंत ओली झाली, शेजाऱ्यानं मोटरसायकल घेतली, काहीही होवो, "तुझ्या आईनं माझा पाय बांधला." तू तुझा तांब्या घेऊन घरी गेलीस. बोललीस तू, ऐकलं मी. तू बरं केलंस का वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भिवंडीला गेले असते तर काय झालं असतं, कुणास ठाऊक. पण ते एक वाक्य मी जन्मभर भाकरीबरोबर खाल्लं.

म्हणून पंधरा दिवसांमागं माझी लेक स्वयंपाकघराचं दार लोटून माझ्याजवळ आली, तेव्हा तिनं तोंड उघडायच्या आधीच मी सावध झाले. मी बरोबर न्यायला शेंगाची चटणी कुटत होते. बाहेर जावई माझ्या व्हिसाचा फॉर्म भरत होता.

"आई, तू नाही म्हण ना."

"कशाला?"

"यायला. तू येत नाहीस म्हटलं की मला म्हणता येतं, बाळाला कोण बघणार, मी पण थांबते एखादं वर्ष. मला नको झालंय गं. नवीन घर, नवीन शाळा, पोरीच्या मैत्रिणी जमल्या की निघायचं. खोके बांधून बांधून हात दुखायला लागलेत."

"मग तू सांग की त्याला."

"मी सांगितलं की भांडण होतं. तुझा मान ठेवतात ते."

"म्हणजे बंदूक तुझी आणि खांदा माझा."

"खांदा तर तू दिलाच आहेस की आई, इतकी वर्षं."

असं बोलते. माझीच लेक, दुसरं काय होणार. मी कुटत राहिले. पण बत्ता कुठं पडतोय ह्याचं भान नव्हतं. गेले तर पुन्हा काचेमागं, आणि ह्या खेपेला काचेपलीकडं बर्फ. नाही म्हणाले तर नातीची फुकटची शाळा माझ्यामुळं सुटली असं होणार, आणि ते वाक्य पुन्हा सुरू होणार, "तुझ्या आईनं माझा पाय बांधला." फक्त ऐकणारी बदलली. जिला मी तान्ही घेऊन बसले होते, तीच. आणि तू निदान तुझं पाणी पिऊन बोलली होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी जावई मोबाइल घेऊन आला. "मामी, जरा भिंतीपाशी उभ्या राहा. व्हिसाला मागं पांढरं लागतं. पदर मागं घ्या, कान दिसू द्या." मी उभी राहिले. पदर मागं घेतला. कान दाखवले. त्यानं मोबाइल डोळ्यासमोर धरला आणि मी म्हणाले, "काढू नका. मी येत नाही."

"थंडीला भिताय का? आपण चांगलं जाकीट घेऊ."

"थंडीचं नाही. मला माझ्या हातानं दार उघडून खाली जायचंय."

त्याला ते लागलं, दिसलं मला. मग त्यानं लेकीकडं बघितलं आणि लेकीनं तोंड उघडायला घेतलं, "मग आता बाळाला..." तेवढ्यात मी म्हणाले, "हे माझं झालं. तिचं मी सांगत नाही. जायचं का राहायचं ते तिलाच विचारा. माझं नाव त्यात घालायचं नाही." लेकीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिला भर चौकात सोडून आले. पोरगं बिस्किट चहात बुडवत होतं, ते तुटून आत पडलं, कुणी काढलं नाही. जावयानं मोबाइल खाली ठेवला. "बोल की. तुला काय वाटतंय?" मला वाटतं, लग्नापासून त्यानं हे असं पहिल्यांदाच विचारलं असेल, आणि तिलाही पहिल्यांदाच उत्तर शोधावं लागलं असेल. चहावर साय धरली. मग ती म्हणाली, "मी जाणार."

तिचं तिलाच नवल वाटलेलं दिसलं. "आई नाही आली तरी जाणार. तिथं विज्ञानाचा सगळा विभाग माझ्याकडं देणार आहेत. त्यांचा मेल आलाय, मी कुणाला दाखवला नाही. हितं राहिले तर पुन्हा शिकवण्या घेत बसायचं, आणि येणारी-जाणारी विचारणार, काय गं, परत का आलीस."

"आणि पोरगं?" जावयानं विचारलं.

"शाळेत पाळणाघर आहे. बघून ठेवलंय मी."

बघून ठेवलंय. आई, हे तिनं कधी बघून ठेवलं, ते मी विचारलं नाही. मला फक्त मस्कतपासूनच्या सगळ्या दुपारी आठवल्या, मिळून एकच लांबलचक दुपार, पोर खांद्यावर घेऊन हॉलमध्ये येरझाऱ्या घालतानाची.

त्या दिवसापासून लेक माझ्याशी लई गोड वागते आणि मला ते सोसत नाही. औषधांचे डबे वारांप्रमाणे लावून दिले. खालच्या मजल्यावरच्या बाईला माझा नंबर दिला, तिचा मला. गॅसवाल्याला सांगितलं, वाण्याला सांगितलं. येत्या गुरुवारी निघतात. माझ्या एका हाकेसरशी आमची अख्खी जुळे सोलापूरची वसाहत धावून येईल असा बंदोबस्त केलाय तिनं, आणि मी सकाळी भाजी आणायला पिशवी उचलली की विचारते, "कुठं निघालीस?" शेजारणी म्हणतात, आजी, तुमच्यासारखं खमकं पाहिजे, तोंडावर सांगून मोकळ्या झालात. मी मान हलवते. हे पत्र टपालात टाकायचा प्रश्नच नाही, कागद चुलीला लावावा म्हटलं तर चूलही नाही, फाडून कचऱ्यात जाईल. म्हणून तेवढं एक लिहून टाकते. "तिचं तिला विचारा" असं मी म्हणाले ना, ते काही न्यायानं म्हणाले नव्हते. ती राहीन म्हणेल अशी माझी पक्की खात्री होती. तिच्या तोंडानं म्हणेल, नवऱ्याचं बोलणं ती खाईल, माझ्या अंगाला काही लागणार नाही, आणि पोरं माझ्यापाशी राहतील, असा माझा बेत होता.