झुलेखाबाईंचं डावं पान

७ ऑक्टोबर १९८३, शुक्रवार

आज इथे आखातात, आमच्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये माझा अपमान झाला. डोकं शांत ठेवून लिहितो, म्हणजे पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

मी सहा वर्षं मंडळाचा मानद ग्रंथपाल. दोनशे बारा मराठी पुस्तकं, सलवातल्या माझ्या फ्लॅटमध्ये, स्टीलच्या कपाटात, कुलूपबंद. सहा वर्षांत एकही हरवलं नाही. एकही कुणी नेलं नाही हेही खरं, पण तो वाचकांचा दोष.

आणि आज अध्यक्ष रामभाऊंनी मुलांच्या वाचनाचं काम झुलेखाबाईंना दिलं. बाई दापोलीकडच्या, इथल्या एका इंग्रजी शाळेच्या लायब्ररीत नोकरीला. त्यांच्या शाळेत बारा तारखेला स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांचा दिवस साजरा होतो. मुलांची पुस्तकं अशी की डाव्या पानावर स्पॅनिश, उजव्यावर इंग्रजी. बाई म्हणाल्या, आपली मुलं इंग्रजीतच उत्तरं देतात, त्यांना निदान डाव्या पानापर्यंत तरी आणू.

टाळ्या पडल्या. प्रभाने, म्हणजे माझ्या सख्ख्या बायकोनेसुद्धा वाजवल्या.

सूड घेणार. सुसंस्कृत, पण पूर्ण.

९ ऑक्टोबर

झुलेखाबाईंचा फोन. मुलांसाठी काही पुस्तकं मिळतील का. मी म्हणालो, स्टॉक-टेकिंग चालू आहे, दोन महिने लागतील. त्या म्हणाल्या, काही घाई नाही हो, मुलं स्वतःच पुस्तकं तयार करतायत, एक पान मराठी, एक इंग्रजी.

रडकुंडीला येतील असं वाटलं होतं. कपाट मात्र आता उघडायचं नाही.

१२ ऑक्टोबर, बुधवार

हाफ डे टाकून त्या शाळेत गेलो. हेतू एकच, शत्रूच्या योजनेतले कच्चे दुवे शोधणे. ताराला बरोबर नेलं, संशय नको म्हणून. तारा माझी मुलगी, आठ वर्षांची.

कोलंबियाच्या एका बाईंनी मला लहान मुलांच्या खुर्चीत बसवलं. छातीवर माझ्या नावाची चिठ्ठी लावली आणि हातात केकचा तुकडा दिला. मग त्यांच्या मुलीने स्पॅनिश पान वाचलं, भावाने इंग्रजी. मुलगी वाचताना बाई ओठांतल्या ओठांत प्रत्येक शब्द म्हणत होत्या. झुलेखाबाईंनी मला हळूच सांगितलं, ही मुलगी दोन वर्षं आईशी फक्त इंग्रजीत बोलायची.

कच्चा दुवा सापडला नाही. केक चांगला होता.

गाडीत ताराने विचारलं, “बाबा, व्हेअर इज अवर लेफ्ट पेज?” मी म्हणालो, सीटवर नीट बस.

१५ ऑक्टोबर

योजना पक्की. २८ तारखेला झुलेखाबाईंचा पहिला कार्यक्रम आहे, सकाळी दहाला. त्याच दिवशी, त्याच वेळी, माझ्या घरी ‘शुद्ध मराठी वाचन’. इंग्रजी शब्दाला बंदी. चाळीस लोक येतील. खुर्च्यांचा प्रॉब्लेम होणार.

२० ऑक्टोबर

रामभाऊंना निनावी पत्र पाठवलं. झुलेखाबाई ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात, मुलांच्या कानावर काय संस्कार होणार, वगैरे. खाली सही, ‘एक हितचिंतक’.

२३ ऑक्टोबर

रामभाऊंचा मंगफच्या घरून फोन. म्हणाले, “बाळासाहेब, पत्र मिळालं. अक्षर सुंदर आहे तुमचं.” मी म्हणालो, कुठलं पत्र. ते म्हणाले, हॉस्पिटलच्या एक्स-रे डिपार्टमेंटच्या कागदावर आलंय ते.

मंडळात एक्स-रे टेक्निशियन मी एकटाच आहे. या देशात माणसाला प्रायव्हसी नाही.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

साडेनऊला प्रभा ताराला घेऊन झुलेखाबाईंच्या कार्यक्रमाला गेली. जाताना म्हणाली, चहा थर्मासमध्ये आहे.

साडेदहापर्यंत कुणी नाही. पावणेअकराला बेल वाजली. मुस्तफाभाई, झुलेखाबाईंचे यजमान. हातात शर्कच्या मासळी बाजारातली ताजी पापलेटं. मला वाटलं, पत्ता चुकले. ते म्हणाले, “नाही, झुलेखानंच पाठवलं. म्हणाली, बाळासाहेबांकडं कुणीतरी ऐकायला पायजे.”

हा माझ्यावरचा सर्वांत क्रूर वार. तरी मी दीड तास वाचलं. सुरुवातीला मुस्तफाभाई मान डोलवत होते, नंतर ती खाली गेली ती वर आली नाही. उठल्यावर म्हणाले, फार सावकाश वाचता, बरं वाटतं.

पापलेटं ठेवून घेतली. परत देणं असभ्य दिसलं असतं.

४ नोव्हेंबर

दिवाळी. सूड स्थगित. चकल्या मऊ. कुरकुरीत होत्या त्या प्रभाने डब्यात भरून झुलेखाबाईंना दिल्या.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

आता शेवटचं हत्यार. त्यांच्याच कार्यक्रमात मागे बसून प्रत्येक अशुद्ध शब्द वहीत टिपायचा आणि यादी जाहीर करायची. लाल पेन नेलं.

पंचवीस-तीस मुलं, सतरंजीवर. तारा उभी राहिली. स्वतः केलेलं पुस्तक, एका खेकड्याची गोष्ट. मला वाटलं उजवं पान वाचेल. तिने डावं वाचायला घेतलं. “खेकड्याला पानी आवडायचं.” मी लिहिलं, पानी, एक. “तो रोज येत होता समुद्राच्या...” आणि अडली. झुलेखाबाईंना शब्द माहीत होता, मला दिसत होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत. ताराने मान वर करून मागे शोधलं आणि विचारलं, “बाबा, शोअरला काय?”

“किनारा,” मी म्हणालो. आवाज बसल्यासारखा आला. तिथला एसी फार थंड आहे.

मग दुसऱ्या मुलांनीही मलाच विचारायला सुरुवात केली. अकरा शब्द सांगितले. यादीत एकच नोंद झाली.

१४ नोव्हेंबर

विचार केला. यश माझंच आहे. मराठीसाठी त्यांना शेवटी माझ्याकडेच यावं लागणार. झुलेखाबाई विनंती करतील, मी दोन दिवस ताटकळत ठेवीन, मग होकार देईन.

१७ नोव्हेंबर

विनंतीचा फोन आला. “उद्या तुम्ही वाचाल का हो?” मी म्हणालो, बघतो, सध्या फार गडबडीत आहे. त्या म्हणाल्या, उजवं पान आहे. आता सगळ्या मुलांना डावंच हवं असतं, इंग्रजीला कुणी उरलेलं नाही. सावकाश वाचणारं मोठं माणूस पाहिजे.

हो म्हणालो. संस्था आतूनच पोखरावी लागते.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी साडेसात

तालीम चालू आहे. माझं इंग्रजी आजवर रिपोर्टापुरतं. फ्रॅक्चर आहे किंवा नाही, एवढंच. खेकड्याबद्दल कधी बोलायची वेळ आली नव्हती. ताराने पहिल्याच ओळीत तीनदा थांबवलं. मी सांगितलं, चौदा वर्षं मी हाच उच्चार करतो, कुठल्या डॉक्टरची तक्रार नाही.

“असं नाही, बाबा,” ती म्हणाली. “पुन्हा म्हणा.”

मराठीत म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं.