दोन ते तीनची फाइल

३ मार्च २०२५, सोमवार
परंड्याहून उमरग्याला बिऱ्हाड आलं. टेम्पोत फक्त लोणच्याची एक बरणी फुटली. घर दोन खोल्यांचं. पुढं ओटा, सिमेंटचं अंगण, लोखंडी फाटक. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान हायवेला, सायकलवर सात मिनिटं. शिवकांता खूश आहे. शेवया वाळवायला जागा झाली म्हणाली. परंड्यात घर भावकीनं भरलेलं असायचं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण दुपारभर ती एकटी राहणार ही पहिलीच वेळ. म्हणून कॅमेरा घेतला.

५ मार्च, बुधवार
कॅमेरा मीच बसवला. दुकानदारानं सगळं कमाल ठेवून दिलं होतं, तासाला नऊशे एमबी. अशानं चौसष्ट जीबीचं कार्ड तीन दिवसांत भरतं आणि जुनं पुसलं जातं. मी शिकलोय नववीपर्यंत, पण माहितीपुस्तिका दोनदा वाचली. सेकंदाला पंचवीसऐवजी पंधरा चित्रं. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवायची ते, बदलता ठेवला; म्हणजे चित्र स्थिर असेल तर फाइल हलकी, हालचाल झाली तर जड. आवाज बंद, रिकाम्या अंगणाचा आवाज साठवून करायचं काय? आता रिकामा तास एकशे ऐंशीत बसतो. तेरा दिवस मावतात आणि फाटकावरचा माणूस चेहऱ्यानं ओळखू येतो.
शेजारच्या टपरीवाल्या बलभीमला सांगितलं तर म्हणाला, बायकुवर पाळत ठिवता व्हय मिस्त्री? मी म्हणालो, बायकोवर नाही, कार्डावर.

८ मार्च, शनिवार
हिशेब लागत नाही. तीन दिवस झाले, दुपारी दोन ते तीनची फाइल सहाशे चाळीसच्या वर. आज पूर्ण पाहिली. शिवकांता ओट्यावर गहू निवडते, बोलते, हसते. समोर कुणी नाही. बसल्या बाईच्या दोन हातांना सव्वादोनशे पुरेत. बाकीचे चारशे कशाचे? वाऱ्यानं हलायला नको म्हणून कपड्यांची दोरी काढली, काच पुसली.
शेवटी तिलाच विचारलं. म्हणाली, अवो, रुद्रम्मा येत्यात की दुपारच्या. कानडी हैत, लई मायाळू. तुमच्या कॅमेऱ्याला दिसत न्हाईत व्हय? एवढा भारी म्हणता की! आणि पदर तोंडाला लावून हसत बसली.

१० मार्च, सोमवार
बलभीमचा जन्म याच गल्लीतला. रुद्रम्मा नावाचं इथं कुणीच न्हाय, म्हणाला.
आज बिटरेट अगदी तळाला नेला. चित्र चौकोनांत फुटतं, पण एक कळतं. जे स्थिर ते थिजून राहतं, हालचाल असेल तिथंच चौकोन थरथरतात. भिंत थिजलेली. फाटक थिजलेलं. शिवकांताचे हात थरथरतात. आणि तिच्या शेजारी, बसलेल्या बाईएवढी जागा थरथरते.
तीनला ती जागा उठली. फाटकातून गेली. फाटक उघडलं नाही.

११ मार्च, मंगळवार
आवाज चालू केला. फाइल कितीही होवो.
हिचाच आवाज. माहेरच्या गोष्टी, गुडघ्याचं दुखणं. मधे थांबते, ऐकते, व्हय व्हय म्हणते. दोन अठ्ठावन्नला ती जागा उठली. आणि शिवकांता बसल्या जागेवरून म्हणाली, येते.
पाचदा ऐकलं. येते.
निघणारी बाई म्हणते येते. घरची म्हणते, या. हिनं आजवर दारातल्या कुणालाही 'या' सोडून दुसरं म्हटलेलं नाही. मग ही कशाला —
विचारलं. म्हणाली, रोज बोलवत्यात, किती दिस न्हाय म्हणू? उद्या येते म्हणलं. कुठं, ते विचारलेलं नाही.
कालपर्यंत आवाज मीच बंद ठेवला होता.

१२ मार्च, दुपारी १.४०
दुकान उघडलं नाही. फाटकाला दोन कुलपं. आत चल म्हटलं, ऐकत नाही. इरकल नेसून ओट्यावर बसलीय. मीही बसलोय. मोबाइल समोर, थेट चित्र चालू.

२.१०
दर्जा कमाल केला. भिंतीची भेग न् भेग दिसते. ओटा दिसतो. मी दिसतो. शिवकांता माझ्या डाव्या हाताला आहे. चित्रात नाही.
दर्जा तळाला नेला. माझ्या शेजारी दोन जागा थरथरतात.

२.३५
डाव्या हातानं तिचं मनगट धरलंय. उजव्यानं लिहितोय, वही गुडघ्यावर. बांगड्या तळव्याला रुततात. अंग ऊन आहे. दर्जा पुन्हा कमाल केला. चित्रात माझी मूठ रिकामी —
म्हणाली, अवो सोडा की. त्या उभ्या ऱ्हायल्यात.

२.५५
उठली. ओढून बसवली. पुन्हा उठते — एवढा जोर हिच्यात कधी नव्हता —

२.५७
सोडलेलं नाही. सोडणार नाही. शिवकांते, माझ्याकडं बघ म्हटलं — बघत नाही — चित्रात माझी बोटं नाहीत. मनगट नाही. इथं आहेत, दिसतात, पण चित्रात कोपरापर्यंत — आता खांदा —