एक अक्षर कमी

ब्रनो,
१४ एप्रिल १९९९

प्रिय ब्लाझेना मावशी,

कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? इथे माझं बरं चाललंय. म्हणजे होस्टेलचे हीटर एप्रिलातही तापलेले आहेत आणि खिडकी उघडली की खालच्या बाई ओरडतात, तेवढं सोडलं तर बरं.

ईस्टरला तिश्नोव्हला आले नाही म्हणून रागावली नसशील. आईनं तुला माझ्या सर्दीचं सांगितलं असेलच. तू पाठवलेला गोड पाव मिळाला. बेदाणे नेहमीसारखे माझ्या वाटणीचे जास्त घातलेस.  सर्दी झालीच नव्हती, मावशी. आईला मीच तसं सांगायला लावलं.

बक्षिसाचं कळलं असेल. विद्यार्थ्यांच्या संशोधन-स्पर्धेत माझा निबंध पहिला आला. आई सगळ्या गल्लीला सांगत सुटली आहे. कॅन्टीनमध्ये ज्या मुली मला टोमॅटो-सॉसची बाटलीसुद्धा पुढे सरकवत नव्हत्या, त्या आता शेजारी येऊन बसतात. माझा मित्र राडिम म्हणतो, "आता तू बडी असामी झालीस, आमच्याशी कशाला बोलशील?" मी हसते. हल्ली मी फार हसते, आणि मग खोलीवर येऊन पांघरुणात तोंड खुपसून पडते.

आता कामाचं. आमच्या विभागाच्या व्रबा सरांनी काकांचा कवितासंग्रह येत्या शरदात पुन्हा छापायचं ठरवलंय आणि माझा निबंध त्याच्या मागे जोडायचाय. मुद्रितं माझ्या टेबलावर येऊन पडली आहेत. त्यात एक वाक्य आहे, त्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. ते वाक्य आत्ता लिहिणार होते, पण थांब, जरा आधीपासून सांगते.

निबंध तू स्पर्धेच्या दिवशी ऐकलाच आहेस. लुबोर दोस्ताल, म्हणजे माझे काका, तिश्नोव्ह स्टेशनावर तिकीट खिडकीत बसणारा माणूस, लहानपणापासून दमेकरी, आयुष्यात एकच संग्रह, तोही शहात्तर साली. त्या संग्रहात जागोजागी ओळी एका अक्षरानं कमी पडतात. सगळं नीट तालात चाललेलं असतं आणि मध्येच पायरी चुकल्यासारखं होतं. आजवर सगळे म्हणत आले, साधा रेल्वेतला माणूस, त्याला छंद कुठून जमणार. मी म्हटलं, नाही, ही दम्याची जागा आहे. कवीचा श्वास तिथे तुटतो, म्हणून ओळही तुटते. केवढी टाळी पडली होती. तू पहिल्या रांगेत होतीस, निळा कोट घालून, मांडीवर पर्स धरून. टाळी वाजवली नाहीस. मला वाटलं, काकांच्या आठवणीनं भरून आलं असेल.

मग दुपारी मी तुला गाडीवर सोडायला निघाले. निकाल चारला होता, पण तू थांबायला तयार नव्हतीस. ट्राममध्ये तुला खिडकीशी जागा मिळाली. मी शेजारी उभी होते. तू बाहेर बघत होतीस, आणि बोटानं पर्सवर ताल धरून पुटपुटलीस, "फाटकाशी थांबले, गाडी गेली तरी."

पुस्तकात ती ओळ "थांबलो" अशी आहे.

पहिल्या वर्षाला व्रबा सर एक विनोद करतात. म्हणतात, आपल्या चेक भाषेत बाई भूतकाळात गेली की पुरुषापेक्षा एक अक्षर जास्त बोलते. 'थांबलो'साठी तो म्हणतो 'चे-कल', 'थांबले'साठी ती म्हणते 'चे-क-ला'. सगळा वर्ग हसतो. मीही हसले होते आणि वहीत लिहून घेतलं होतं. तुझ्या तोंडून ती ओळ आली तेव्हा तिचा ताल कुठेच तुटला नाही. मी उभ्या उभ्या बाकीच्या ओळी मनात म्हणून पाहिल्या. एकूण एक ओळ, जिथे 'मी' आहे आणि काल घडलेलं काही आहे, तिथेच ती कमी पडते. 'थांबलो'चं 'थांबले' केलं, 'गेलो'चं 'गेले' केलं, की भरते.

तू माझ्याकडे पाहिलंस. चांगलं डोळ्यांत पाहिलंस. आणि मी तुला विचारलं, "मावशी, तिकीट पंच केलंस ना?"

तू म्हणालीस, "केलं."

तुला गाडीत बसवून मी परत गेले. इथपर्यंत लिहिलं की वाटतं, सांगून झालं. झालेलं नाही. निकालाआधी समितीतल्या एका बाईंनी उठून विचारलं, "कल्पना छान आहे, पण कवितेबाहेर काही पुरावा? घरच्या कुणाची साक्ष?" तेव्हा मी म्हणू शकले असते की पुरावा नाही. एवढं म्हटलं असतं तरी दुसरं बक्षीस मिळालं असतं. मी म्हटलं, "हो, आहे. माझ्या मावशीनं, म्हणजे त्यांच्या पत्नीनंच सांगितलंय. काका वाचायचे तेव्हा नेमका तिथेच त्यांना दम लागायचा."

तुला गाडीत बसवून तासभरही झाला नव्हता. सगळं कळल्यावर बोलले मी हे.

नंतर निबंधात घातलेलं तेच ते वाक्य. "कवीच्या पत्नीनेही यास दुजोरा दिला आहे." सुबक अक्षरांत, मुद्रितात. ते छापलं गेलं की पुस्तक कायमचं काकांचं होणार, आणि त्याला शिक्का तुझा. या महिनाअखेर मुद्रितं परत द्यायची आहेत. मी सांगितलं तर बक्षीस जाईल, पुढच्या शिक्षणाची जागाही जाईल बहुधा. पण मी ते रडगाणं गायला लिहीत नाही. मला एवढंच सांग, पुस्तकावर नाव कुणाचं हवं?

फोन करू नकोस. फोनवर मला खोटं बोलणं सोपं जातं.

तुझी,
वेंदुला


तिश्नोव्ह,
१९ एप्रिल

वेंदुले,

दमा लुबोरला होता, कवितेला नव्हता.

एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते. पण तिकीट लावायचंच आहे तर पान तरी भरू दे.

मी शाळेत शिकवायचे हे तुला ठाऊक आहे. अडुसष्टात रशियन रणगाडे आले ते बरं झालं, असं लिहून द्यायचं होतं, ते मी दिलं नाही. शाळा गेली, मी कारखान्याच्या खानावळीत बटाटे सोलायला लागले आणि माझं नाव कुठे छापण्याचा प्रश्नच मिटला. लुबोरचं नाव स्वच्छ होतं. उभ्या जन्मात त्यानं कुणाशी वाद घातला नव्हता, वाद घालायला त्याला दमच पुरत नसे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आम्ही दोघांनी माझी क्रियापदं पुरुषाची केली. तो बिचारा वाचत जायचा आणि म्हणायचा, "ब्लाझा, लंगडतेय गं ही ओळ." मी म्हणायचे, "लंगडू दे. मुद्दाम लंगडू दे. कधीतरी कान असलेला माणूस येईल, त्याला कळेल."

बरेच आले. प्राध्यापक आले, वर्तमानपत्रवाले आले, माझ्या हातची कॉफी प्यायले आणि लुबोरचा फोटो काढून गेले. लोकांनी स्तुती केली की तो कानापर्यंत लाल व्हायचा. लोक म्हणायचे, किती विनयशील माणूस. अगं, लाज वाटायची त्याला. पुढे पुढे तो बिअर प्यायला जाईनासा झाला, तिथे कुणी ना कुणी 'कविराज' म्हणून हाक मारायचं. एकोणनव्वदात राज्य बदललं तेव्हा तो म्हणाला, "आता सांग." पण तेव्हा तो दवाखान्यात होता, आणि तिथल्या नर्सा कवी म्हणून त्याच्या चहात साखर जास्त घालायच्या. मी म्हटलं, राहू दे.

मग मार्चात तू फोन केलास. "मावशी, त्या ओळी का लंगडतात ते मला सापडलं. तू येच. पण आधी सांगणार नाही."

मला वाटलं, पोरीला सापडलं.

मी केस सेट करून घेतले. कोटाची बटणं बदलली. स्टेशनवर शेजारची हाना भेटली, म्हणाली, एवढी नटून कुठे? मी म्हटलं, ब्रनोला, भाची माझ्यावर बोलणार आहे. लुबोरवर नाही म्हटलं. माझ्यावर म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं ते, आणि तेही त्या भोंगा हानाजवळ. मग तुमच्या त्या हॉलमध्ये बसले आणि तू श्वास, श्वास करत सुटलीस. तुझा आवाज सुरेख लागला होता. मला उठून जावंसं वाटत होतं, पण पहिल्या रांगेतून उठता येत नाही.

त्याचं वाईट वाटलं, पण त्याचा राग नाही. कविता मीच देऊन टाकल्या होत्या. साक्ष मात्र मी दिली नव्हती, वेंदुला. ती तू माझ्या तोंडात घातलीस, आणि तीही ऐकू आल्यानंतर. ते लागलं मला. फार लागलं.

नाव कुणाचं हवं, विचारतेस. माझं हवंय. एकसष्टाव्या वर्षी, लुबोर मातीखाली असताना, मला माझं नाव हवंय. याची मला इतकी लाज वाटते की हे लिहिताना मी दार लावून घेतलंय, घरात दुसरं कुणी नसताना.

पण ते तू मला देऊ करू नकोस. तू फक्त तुझं खोटं मागे घे. बाकी मी बघेन. मेमध्ये येईन, व्रबांच्या वर्गापुढे उभी राहीन आणि बाईच्या क्रियापदांनी वाचून दाखवीन. तू ये. पहिल्या रांगेत बस आणि तोंड उघडू नकोस.

मावशी

गुडघा बरा आहे. विचारलं होतंस म्हणून.


ब्रनो,
३ मे १९९९

प्रिय मावशी,

तुझं पत्र आल्यापासून उत्तर लिहायला घेते आणि फाडते. आधी काम करावं आणि मग लिहावं असं ठरवलं. काम झालंय.

व्रबा सरांना सांगितलं. सगळं, ट्राममधलंसुद्धा. मला वाटलं होतं, ओरडतील.  त्यांनी एवढंच विचारलं, "त्या दिवशी तुझ्या मावशी, दोस्तालोवाबाई, पहिल्या रांगेत होत्या ना?" मी हो म्हटलं. "चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं होतं, कवीची बायको असणं कसं असतं हो. त्या म्हणाल्या, भांडी तेवढीच पडतात." एवढं सांगून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. वीस वर्षं ते तो विनोद वर्गाला सांगताहेत आणि तेच पुस्तक शिकवताहेत. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि माझ्याकडे त्यांना.

बक्षीस परत केलं. निबंध मागे घेतला. ज्या जागेसाठी माझं नाव पुढे गेलं होतं, तिथे आता दुसऱ्या कुणाचं जाईल. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गल्लीत काय तोंड दाखवू?" आणि मग म्हणाली, "ब्लाझा? आमची ब्लाझा?" ती तुला फोन करणार आहे. तिला फार बोलू देऊ नकोस, ती रडेल.

विभागाच्या पत्रिकेत दुरुस्ती छापायची होती. ती मी आमच्या शास्त्रीय रिवाजाप्रमाणे लिहून नेली. तुला ठाऊकच आहे, निबंधात कुणी 'मी' लिहीत नाही, सगळे 'आम्ही' असतात. "आमच्या विवेचनात पुराव्याबाबत काही त्रुटी राहून गेली." सरांनी वाचलं आणि विचारलं, "आम्ही म्हणजे कोण? तुझ्याबरोबर आणखी कोण होतं तिथे?" कागद परत माझ्या हातात दिला.

मी जिन्यात बसून पुन्हा लिहिलं. 'आम्ही' म्हटलं की त्यात बाई दिसत नाही, आणि खोटारडी तर मुळीच दिसत नाही. 'मी' लिहायला बसले तर पेन जड झालं, खरंच सांगते. शेवटी झालं ते असं, जसंच्या तसं उतरवते:

"निकालाआधीच माझी चूक माझ्या कानांनी मी ऐकली होती. तरीही मी गप्प राहिले, आणि विचारलं तेव्हा खोटं बोलले. कवीच्या पत्नीने मला काहीही सांगितलं नव्हतं. या कविता कुणाच्या, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. ज्यांचा आहे, त्या वीस मे रोजी स्वतः येऊन वाचतील."

सरांनी एकही शब्द बदलला नाही, आणि वीस मेचा तास तुझ्यासाठी मोकळा ठेवलाय. पुढच्या अंकात पहिल्याच पानावर येईल. खाली माझं पूर्ण नाव असेल, आडनावासकट. नाव छापून यायची इतकी धास्ती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तुझी शरमिंदी भाची,
वेंदुला