फोनला सांगितलेलं खरं

प्रिय अक्का,

मराठीत लिहितोय, कारण हॉस्टेलात हे कुणाला वाचता येणार नाही, आणि फोन केला तर तुझा आवाज ऐकून मी गप्प बसेन. अक्षरं वेडीवाकडी आहेत, लहानपणी शेजारच्या कनकलतामावशींनी आपल्याला शिकवली तेवढीच येतात. अप्पा परवा इथे तंजावरला येऊन मला भेटून गेले. पुण्याच्या थंडीत तू स्वेटर घालतेस का, हेच दोनदा विचारलं.

आमच्या कॉलेजात एक अॅप आलंय. दर शनिवारी सकाळी ते विचारतं, या आठवड्यात किती प्यायलास? नाव द्यायचं नाही, प्रत्येकाला फक्त एक नंबर दिलेला. पेल्यांचा आकडा वाढला की लिहून येतं, पिण्याआधी जेव, मध्ये पाणी पी, गाडीची किल्ली दुसऱ्याला दे. सगळ्यांनी गंमत म्हणून घेतलं आणि सगळे शून्य टाकायचे. मी मात्र खरं टाकत गेलो. हो अक्का, मी पितो. पहिल्या वर्षापासून. अप्पांसमोर बसून जेवताना जे तोंडातून निघत नाही, ते एका यंत्राला कसं सांगितलं, मला अजून कळलेलं नाही.

माझ्या खोलीतल्या रघुपतीचा अपघात तुला माहीत आहे. कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली, त्याचा पाय मोडला, मी त्याला दवाखान्यात नेलं. सगळ्यांना एवढंच ठाऊक आहे. त्या दिवशी आम्ही तिरुवैयारुला कावेरीकाठी दुपारभर पीत बसलो होतो. निघताना फोनवर त्या अॅपचं आलं, 'आज गाडी कोण चालवतंय?' मी वाचलं, हसलो आणि फोन खिशात टाकला. गाडी मी चालवत होतो. कुत्रं नव्हतंच. ते रघुपतीने सांगितलं, स्ट्रेचरवर पडल्या पडल्या, मला वाचवायला.

त्यानंतर सात आठवडे मी शून्य टाकतोय, आणि ते खरं आहे. आमच्या समुपदेशक अखिला मॅडम वर्गात खुशीत म्हणाल्या, "आकडे उतरतायत, अॅपचा उपयोग होतोय." बाकी सगळे आधीपासून शून्यच टाकत होते, उतरलेला आकडा माझा एकट्याचा; मला हसावं की रडावं कळेना. मला त्या फोनने थांबवलं, की रघुपतीच्या ओरडण्याने? आणि थांबलो म्हणजे सुधारलो का? की नुसता घाबरलोय?

गेल्या रविवारी पापनाशमला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने, राजम अम्मांनी, दारातच माझे हात धरले. "तू होतास म्हणून पोर वाचलं रे." ते मला सोसवेना. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आतून रघुपती ओरडला, "गप्प बस, प्रद्युम्न!" अम्मांनी हात सोडले. मग म्हणाल्या, "तुझ्या घरी माहीत आहे?" मी मान हलवली, नाही. "मग आधी घरी सांग. माझ्याकडून तुझ्या अप्पांना कळायला नको." राग होता की दया, मला ओळखता आलं नाही. पान मात्र वाढलं, आणि मी जेवलो.

म्हणून हे पत्र. पोंगलला तू आलीस की मी अप्पांना सांगणार आहे. तू माझ्या वतीने बोलू नकोस, नुसती तिथे बस. ते ओरडले तर मी ऐकून घेईन. पण काही न बोलता उठून गेले, तर त्यांच्यामागे जायचं की तिथेच बसून राहायचं, हे मला सुचणार नाही. तेव्हा तेवढी खूण कर.

तुझाच,
प्रद्युम्न