नो नाटकातल्या बाईचं कुंकू

सर, तुम्ही दिलेलं ते जपानी चित्र अजून गास गावातल्या आमच्या घरी ओटीवर आहे. काच एकदा तडकली, ती मी बदलली. बाईच्या कपाळावरचा लाल डाग मात्र तसाच आहे. त्याबद्दल तुमच्याशी खरं बोलायचं राहिलं, आणि तुम्हाला जाऊनही आता पंचवीस वर्षं होतील. माझं नेहमीच वरातीमागून घोडं.

ऐंशी साल अजून उजाडायचं होतं, मी आठवीत होते. चित्रकलेच्या तासाला तुम्ही कपाटातून ते चित्र काढता. जपानातलं नो नाटक, त्यात बाईचा पांढरा मुखवटा घातलेला नट. बोटीवर नोकरी करणाऱ्या मित्राने तुम्हाला आणून दिलेलं. प्रत्येक रंगाला लाकडाचा वेगळा ठसा, असं सांगून तुम्ही कागद उलटा करता आणि ठशावर दाबून घासल्याच्या पाठीवरच्या खुणा दाखवता. "हा मुखवटा ना हसतो, ना रडतो. नटाने मान जरा खाली केली, की बाई रडतेय असं वाटतं." माझा हात बरा, म्हणून नक्कल काढायला तुम्ही ते मला दोन दिवस घरी नेऊ दिलंत. मी केवढी शेफारले होते!

ते गौरीचे दिवस होते. तिसऱ्या दिवशी मी चित्र परत आणलं, तेव्हा त्यातल्या बाईच्या कपाळावर कुंकू होतं. तुम्ही कधी आवाज चढवत नसा, त्या दिवशी चढवलात. "विश्वासाने दिलं होतं तुला!" मी घाबरून म्हटलं, "आईने लावलं, सर. तिला गौर वाटली." खोटं पचण्यासारखं होतं, आमच्याकडे तेरड्याच्या जुडीला कागदी मुखवटा बांधूनच तर गौर बसवतात.

घरी आईने खोदून विचारलं तेव्हा तुम्हाला काय सांगितलं ते तिलाही सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी वाडीचं काम टाकून, राजेळी केळ्यांची फणी घेऊन ती शाळेत आली.

"सर, माजी चूक हाय. मना गौरच वाटली. पोरीला नका बोलू."

तुम्ही तिच्याकडे नीट पाहिलंत. मग म्हणालात, "तिकडचे नटही मुखवटा चढवण्याआधी त्याला वाकून नमस्कार करतात, ताई. हे चित्र आता तुमच्याच घरी राहू द्या." मी सुटले म्हणून खूश होते.

पुढे कितीतरी वर्षांनी मुलीला ही गोष्ट सांगताना मी मध्येच थांबले. मला आईचं कपाळ आठवलं. बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून तिने कुंकवाच्या करंड्याला बोट लावलं नव्हतं. काकूंकडच्या गौरीलाही ती दारातूनच हात जोडायची. ती कुठून कुंकू लावणार? तुम्हाला तिला पाहताक्षणी कळलं असणार, आणि तरी तिच्यादेखत तुम्ही मला उघडं पाडलं नाहीत. मला याची फार लाज वाटते, सर.

हा कागद मी चित्राच्या मागेच खोचून ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? कुंकू मी लावलं होतं. चित्र खराब करायचं मनात नव्हतं. नक्कल काढता काढता ते गप्प, पांढरं तोंड आईसारखं दिसायला लागलं, आणि ते मोकळं कपाळ मला बघवेना. आईला लावायची माझी हिंमत नव्हती.